विद्यापीठ कर्मचाऱ्यांची निवृत्तिपूर्व तयारी

महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या सेवेतून नियत वयोमानानुसार निवृत्त होताना करावी लागणारी कागदोपत्री व आर्थिक पूर्तता. शिक्षकेतर कर्मचारी ५८व्या वर्षी, तर चतुर्थ श्रेणी कर्मचारी आणि अध्यापक ६०व्या वर्षी निवृत्त होतात. निवृत्ती वाढदिवसाला नव्हे, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी असते; जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावून दिलेली पिढी म्हणूनच ३१ मेला एकदम बाहेर पडते आणि त्या सुमारास आस्थापना विभागात फायलींचे ढीग लागतात. जन्मतारखेतील दुरुस्तीचा अर्ज सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. निवृत्तीच्या तोंडावर तो टिकत नाही.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियमित नेमणूक झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील तरतुदींप्रमाणे निवृत्तिवेतन मिळते. नंतरचे कर्मचारी अंशदायी योजनेत, म्हणजे आताच्या एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत) आहेत. त्यांनी आपल्या प्रान खात्यावर (या योजनेतील कायम क्रमांकाच्या निवृत्ती खात्यावर) दरमहाची स्वतःची व शासनाची रक्कम खरोखर जमा झाली आहे का, हे पाहत राहणे हीच मुख्य तयारी. सुरुवातीच्या वर्षांतील कपाती खात्यावर न दिसणे ही जुनी दुखरी जागा आहे. पुढील तपशील मुख्यतः जुन्या योजनेचा आहे.

सारे काही सेवापुस्तकावर अवलंबून असते. निवृत्तिवेतनाचे प्रकरण दोन वर्षे आधी हाती घ्यावे आणि सहा महिने आधी महालेखापाल कार्यालयाकडे पोहोचावे, अशी नियमांची अपेक्षा. विद्यापीठाकडून ते उच्च शिक्षण सहसंचालकांमार्फत जाते. विदर्भ व मराठवाड्यासाठी महालेखापालांचे कार्यालय नागपूरला, उर्वरित राज्यासाठी मुंबईला आहे. वरून प्रकरण परत आले, तर त्रुटी बहुधा सेवापुस्तकातच निघते. वार्षिक सेवा पडताळणीचा शिक्का असतो, पण त्यातली ‘दिनांक ... ते ...’ ही जागा कोरी असते. किंवा शिक्का भरलेला आणि खाली सही नसते. त्या वर्षीचा अधिकारी निवृत्त झालेला असल्याने मग जुनी वेतनदेयके शोधून पडताळणी करावी लागते. म्हणून कर्मचाऱ्याने स्वतः लेखापालाशेजारी बसून पान न् पान पाहावे: पहिल्या पानावरची जन्मतारीख अंकी व अक्षरी एकच आहे ना, नेमणूक व कायम केल्याचे आदेश नोंदलेले आहेत ना, असाधारण (बिनपगारी) रजा वैद्यकीय कारणाची असल्यास तसा उल्लेख आहे ना (नसल्यास तो काळ अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजल्या जाणाऱ्या सेवेतून वजा होतो), दोन नेमणुकांमधला खंड क्षमापित झाला आहे ना. राखीव जागेवरील नेमणूक असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचीही नोंद लागते. तासिका तत्त्वावरची वर्षे धरली जात नाहीत.

दुसरी अडचण वेतननिश्चितीची. प्रत्येक वेतन आयोग आणि आश्वासित प्रगती योजना (ठरावीक सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी) किंवा अध्यापकांची स्थाननिश्चिती (वरच्या श्रेणीत बढती) यांनंतरची वेतननिश्चिती लेखापरीक्षकाकडून पडताळलेली असावी लागते. ते राहून गेले, की नेमके निवृत्तीच्या वेळी ‘अतिप्रदान’ (जादा दिलेले वेतन) निघते आणि उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुली लावली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह प्रकरणात तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे यांच्याकडून अशी वसुली करू नये असे म्हटले. मात्र वेतनवाढ घेताना जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले असेल, तर ते अंगाशी येऊ शकते. २०१६च्या जगदेव सिंग निकालात तसेच झाले. ही हमीपत्रे लोक न वाचता सही करून देतात.

अर्जासोबत पती-पत्नीचे संयुक्त छायाचित्र, नमुना सह्या, ओळखखुणा, कुटुंबाचा तपशील व नामनिर्देशन लागते. लग्नापूर्वी आईच्या नावे केलेले नामनिर्देशन तसेच राहिल्याची उदाहरणे बरीच. स्त्री कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकात माहेरची, आधार व बँकेत सासरची नावे असतात. राजपत्रातील नावबदल आधीच करून घ्यावा. ना-देय दाखल्यांत ग्रंथालय सोपे असते. प्रयोगशाळेच्या जडवस्तू नोंदवहीने मात्र दमछाक होते, कारण कधीच मोडीत निघालेले उपकरण कागदावर जिवंत असते. निर्लेखनाचा (नोंदीतून वगळण्याचा) प्रस्ताव वर्षभर आधी द्यावा. विभागीय चौकशी चालू असल्यास तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, उपदान अडते.

हिशेब असा. अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये आणि सेवा ३३ वर्षे धरल्यास निवृत्तिवेतन ३०,०००. उपदान दर सहामाहीस पाव वेतन, कमाल साडेसोळा पट, म्हणजे ९,९०,००० रुपये. अर्जित रजेचे रोखीकरण जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. ‘पेन्शन विकणे’, म्हणजे अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी रक्कम घेणे), ४० टक्क्यांपर्यंत करता येते: ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास पुढील वाढदिवसाच्या वयाचा गुणक ८.३७१ लागतो, म्हणून १२,००० × १२ × ८.३७१ = १२,०५,४२४ रुपये. दरमहा १८,००० उरतात, पण महागाई वाढ पूर्ण ३०,०००वर मिळते. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो; तोवर २१,६०,००० रुपये कापले गेलेले असतात. सगळे विकतात म्हणून विकण्यापेक्षा डोक्यावर गृहकर्ज आहे का, ते आधी पाहावे. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही.

३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी १ जुलैची काल्पनिक वेतनवाढ मागावी. ११ एप्रिल २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वर्षभराच्या सेवेपोटी ती मान्य झाली आहे. ३१ मेवाल्यांची अकराच महिने सेवा भरते, त्यामुळे १ जूनचा गुरुजींचा हिशेब इथेही नडतो.

रजा रोखीकरणाच्या करसवलतीत विद्यापीठ कर्मचारी ‘सरकारी’ धरायचे की नाही, हा जुना वाद होता. बिगरसरकारी कर्मचाऱ्यांची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाख झाल्याने बहुतेकांपुरती त्याची धार गेली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे वय ६० असले, तरी ५५ ओलांडलेल्या निवृत्तांना लाभाची रक्कम हाती पडल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. कमाल ३० लाख रुपये. ५८व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांनी बँकेत जाताना रक्कम मिळाल्याच्या तारखेचा पुरावा सोबत ठेवावा. कोषागारात पहिली ओळख पटवल्यानंतर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्याही देता येतो.