भांड्यांची झाकणं आणि चिंचोके: घरगुती बालशिक्षणाची पार्श्वभूमी

नाशिकच्या भांडीबाजारात एकात एक बसणारे स्टीलचे डबे मिळतात. ते झाकणांसकट तीन वर्षांच्या मुलापुढे ठेवा. मोठ्या डब्यावर लहान झाकण आत पडतं, लहानावर मोठं डळमळतं. मूल ते उचलतं, फिरवून बघतं, दुसरं घेतं. ‘चुकलं’ असं कुणी सांगावं लागत नाही, ते डबाच सांगतो.

हीच युक्ती इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या दट्ट्यांच्या ठोकळ्यात आहे. वेगवेगळ्या मापांच्या दहा खाचा, त्यांत बसणारे दहा लाकडी दट्टे. एक चुकला की शेवटचा बसतच नाही. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी बालगृह उघडलं. पण पुढे हे साहित्य सुबक झालं तसं महागही झालं आणि गरिबाच्या मुलापासून दुरावलं.

आपल्याकडे ही अडचण सोडवली ती बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई तिथे गेल्या आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, ज्यांनी शिक्षिका म्हणून सुरुवातीची काही वर्षं नाशिक जिल्ह्यातच काढली होती. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. हे काम पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत वाढलं. १९७५ साली सरकारी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

माझ्या मते ताराबाईंचं मोठेपण स्वस्त वस्तू शोधण्यापुरतं नाही. चूक मुलाला स्वतःच कळावी ही माँटेसरींची पद्धत त्यांनी सोडली नाही. नुसते चिंचोके मोजून घेतले तर ती पाठांतराचीच दुसरी तऱ्हा होते. पाच खणांच्या पेटीत एकेका खणावर एक ते पाच ठिपके काढा आणि बरोबर पंधरा चिंचोके द्या. शेवटी उरले किंवा कमी पडले, तर मूल स्वतःच पुन्हा मोजायला बसतं. द्राक्षांच्या हंगामात नाशिककरांच्या घरी पुठ्ठ्याची खोकी असतातच, त्यांतून अशी पेटी सहज होते. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके देऊ नका, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी डबे-झाकणंच बरी.