जाड गोळी, सावकाश गोळी

रविवारी संध्याकाळी भाच्याबरोबर तलावपाळीला चक्कर मारत होतो. पोरगं अकरावी सायन्सला, आणि मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात त्याहून बऱ्याच वरच्या इयत्तेत. भेळ खाता खाता म्हणाला, "मामा, फोर्टी-फाइव्हची गोळी बसली ना, की माणूस चार फूट मागे उडतो. नाइन एमएम तिच्यापुढे काहीच नाही." म्हटलं, संवेग अक्षय्यतेचा नियम शिकलास तो काय मार्कांपुरता? भेळेच्याच कागदावर हिशेब मांडला.

फोर्टी-फाइव्ह म्हणजे '.४५ एसीपी' (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे काडतूस. .४५ ही गोळीची इंचातली जाडी. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूकतज्ज्ञानं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. १९११ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्याचं पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ मध्ये ९ मिलिमीटरवालं, म्हणजे 'नाइन एमएम'चं, पिस्तूल येईपर्यंत ते तिथं ठाण मांडून होतं. गोळी साडेअकरा मिलिमीटर जाडीची, वजन १५ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण २५५ मीटर. वस्तुमानाला वेगानं गुणलं की संवेग येतो ३.८. तो सगळाच्या सगळा ७० किलोच्या माणसाला दिला, तर तो मागे सरकेल सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरनं. कासवाची चाल! शिवाय न्यूटनचा तिसरा नियम पक्षपात करत नाही. समोरचा उडणार असेल, तर चाप ओढणाराही उडायला हवा. सिनेमात उडतो तो दोरीनं ओढलेला स्टंटमन.

मग हिची एवढी ख्याती कशी झाली? शंभरेक वर्षांपूर्वी फिलिपीन्समध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांची तक्रार होती, की .३८ च्या रिव्हॉल्व्हर मोरो, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या मुस्लिम, लढवय्यांपुढे कमी पडतात. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि ला गार्ड या सैन्याधिकाऱ्यांनी गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा कमी जाडी नको, असा निर्वाळा दिला. नमुने मोजके, मोजमाप ढोबळ. पण दंतकथेला तेवढं पुरतं. 'करंगळीला लागली तरी माणूस आडवा' इथपर्यंत मजल गेली. त्या बेटांवर अंगात मंतरलेले ताईत घालून लढायची चाल होती, त्याला आपण हसतो. खरं तर ताईत दोन्हीकडे होते. एकीकडे गळ्यात, दुसरीकडे कमरेला.

आता माझ्या आवडीचा भाग. काडतुसातली दारू पेटली की वायूचा दाब गोळीच्या बुडावर येतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसात तो जास्तीत जास्त दर चौरस इंचाला ३५,००० पाउंड असू शकतो, फोर्टी-फाइव्हमध्ये फक्त २१,०००. "म्हणजे कमजोरच की," भाचा म्हणाला. थांब जरा, दाब म्हणजे बल नव्हे. दाबाला क्षेत्रफळानं गुणायचं. ११.५ भागिले ९, त्याचा वर्ग १.६. आता २१,००० ला १.६ नं गुण. आले ३३,६००. ३५,००० च्या उंबऱ्यावर! दोन्ही गोळ्यांच्या बुडाला बसणारा रेटा जवळजवळ एकच, दीड टन वजनाइतका. बोटाच्या पेरावर चार रिकाम्या रिक्षा रचल्यासारखा.

रेटा सारखा, नळीची लांबीही साधारण सारखी, म्हणजे झालेलं कार्यही सारखंच. (कमाल दाब आणि सरासरी दाब एक नसतात, हे मला माहीत आहे. जाणकारांनी पत्र लिहू नये.) म्हणून दोघींचीही गतिज ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास येते. पगार एकच, खर्चाची तऱ्हा निराळी. नाइन एमएम तो आठ ग्रॅमवर उधळते आणि सेकंदाला ३६० मीटर पळते. फोर्टी-फाइव्ह १५ ग्रॅमवर. १५ भागिले ८, त्याचं वर्गमूळ १.३७. ३६० ला त्यानं भागलं की २६३. प्रत्यक्षात २५५. तेलकट कागदावरच्या गणिताला आणखी काय हवं?

या मंदपणातच तिचा आजचा खरा गुण आहे. ठाण्यात मे महिन्यात ३५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३५२ मीटर असतो. थंडीत येऊरला पहाटे १५ अंश असले, तर ३४०. नाइन एमएमची नेहमीची गोळी ही रेघ ओलांडते, फोर्टी-फाइव्हची नेहमीची गोळी तिच्या आसपासही जात नाही. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला नेणारी बोट आठवा. अगदी हळू चालली की पाणी नुसतं हलतं, वेग घेतला की मागे लाटांचा पाचर उमटतो. (पाण्याच्या लाटांचं गणित वेगळं आहे, उपमा फार ताणू नका.) ध्वनीला मागे टाकणारी गोळी हवेत तसाच शंकू ओढत नेते. त्याच्या अर्ध्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, काढायची तर ध्वनीच्या वेगाला गोळीच्या वेगानं भागायचं. नाइन एमएमला २० अंश तापमानात हा कोन ७२ अंशांचा, जवळजवळ सपाट. सेकंदाला ८४० मीटर जाणाऱ्या रायफलच्या गोळीला २४ अंशांचा, टोकदार. त्या शंकूची कड कानावरून गेली की चाबूक ओढल्यासारखा 'चट्' आवाज येतो. चाबकाचा आवाजही याच जातीचा, त्याचं टोक ध्वनीच्या पुढे जातं.

हा 'चट्' नळीच्या तोंडाशी होत नाही, गोळीच्या वाटेवर सतत होत राहतो. सायलेन्सर फक्त नळीतून उसळणाऱ्या वायूला आवर घालतो. गोळी एकदा बाहेर पडली की तिच्यावर त्याची सत्ता संपली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंच्या दबक्या आवाजाच्या डी लाइल कार्बाइनसाठी (कार्बाइन म्हणजे आखूड रायफल) .४५ एसीपी निवडलं गेलं, ते यामुळेच. तरी सिनेमातला 'फुस्स' खोटाच. पिस्तुलाचे १६० च्या आसपासचे डेसिबल सायलेन्सरनं १३० पर्यंत उतरले तरी कानठळ्या बसायच्या त्या बसतातच.

नाइन एमएमलाही साडेनऊ ग्रॅमची जड गोळी देऊन ३०० मीटरवर आणता येतं, पण मग ऊर्जा ४३० ज्यूलवर घसरते. फोर्टी-फाइव्हला असली पदरमोड करावी लागत नाही.

बाकी बाबतींत तिची बाजू पडतीच आहे. संवेग तीसेक टक्के जास्त, म्हणून हाताला झटकाही तेवढाच जास्त. हल्लीच्या गोळ्या आत शिरल्यावर फुलून रुंद होतात, त्यामुळे जाडीचा जुना फायदा बराच आटला. अमेरिकेची तपाससंस्था एफबीआयसुद्धा गेल्या दशकात .४० सोडून पुन्हा नाइन एमएमकडे वळली. शिवाय जाड काडतूस जागाही जास्त खातं. १९११ च्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसं मावतात, त्याच्या जागी आलेल्या नाइन एमएमच्या बेरेटा पिस्तुलात पंधरा.

भाच्याच्या लक्षात एवढंच राहिलं. "सात झाल्या की रीलोड? परवडत नाही, मामा."