मरणपंथाला लागलेली डिस्क: कॉपी वेगळी, इमेज वेगळी

डिस्क आचके द्यायला लागली की पहिला सल्ला ठरलेला: 'नवी ड्राइव्ह लाव आणि सगळं कॉपी करून घे.' दुसरा त्याहून घातक: 'आधी चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) मार.' दोन्ही ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कॉपी कशी करतात ते तुम्हाला माहीत आहे. डिस्क धडधाकट असेल तर बिनधास्त तेच करा. फक्त कट-पेस्ट नको. त्यात मूळ फाईल पुसली जाते, म्हणजे ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिच्यावरच लिहिलं जातं.

इमेज म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (डेटा साठवायचा छोटा ठरावीक कप्पा) क्रमाने वाचून केलेली एकच भलीमोठी फाईल. तेच थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवलं की क्लोन. मी इमेजच घेतो, कारण नवी ड्राइव्ह मोठी असेल तर उरलेली जागा मोकळी राहते.

आता घोळ जिथे होतो ते. कॉपी करताना तुम्ही फाईल सिस्टिमकडे (कुठली फाईल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) फाईल मागता. ती आपल्या यादीत बघते, तुकडे कुठे आहेत ते शोधते, हेड (डिस्क वाचणारं टोक) तिकडे धावतं. पुढच्या फोटोला पुन्हा यादी, पुन्हा धावाधाव. त्यात खराब सेक्टर लागला की ड्राइव्ह तोच पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधीकधी कित्येक सेकंद. कॉपी ३७ टक्क्यांवर अडकते. तुम्ही रद्द करून परत सुरू करता आणि ती परत त्याच खड्ड्यात जाते. डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य एका नासलेल्या व्हिडिओवर खर्ची पडतं; पुढच्या फोल्डरमधल्या शाबूत फोटोंची पाळीच येत नाही. माझी एक डिस्क मी अशीच रात्रभर रेटून घालवली आहे.

इमेज घेणाऱ्याला फाईल हा प्रकारच ठाऊक नसतो. ५०० जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे साधारण ९७ कोटी ६७ लाख सेक्टर असतात. त्याला तेवढेच दिसतात. डीडीरेस्क्यूसारखं इमेज घ्यायचं साधन आधी सोपं सोपं उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं आणि खड्ड्यांकडे शेवटी वळतं. कुठपर्यंत आलो ते मॅप फाईलमध्ये टिपून ठेवतं. ही फाईल उघडून बघा, साधा मजकूर असतो: प्रत्येक ओळीत सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि एक खूण. अधिक म्हणजे मिळालं, उणे म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. मध्येच डिस्क गळपटली तर बंद करा, थंड होऊ द्या, त्याच मॅप फाईलसह पुन्हा सुरू करा. मिळालेलं परत वाचलं जात नाही. कॉपीत ही सोय नाही. मॅप फाईल न देता डीडीरेस्क्यू चालवणारे लोक पाहिले की मला हसावं की रडावं कळत नाही.

चेकडिस्कचं काम फाईल सिस्टिमचा हिशेब जुळवणं. तुमचे फोटो वाचवणं हे तिचं काम नाही. हिशेब जुळवताना ती डिस्कवर लिहिते, अनाथ तुकडे तोडून बाजूला टाकते. चालवायचीच तर इमेजच्या प्रतीवर चालवा. बिघडलं तर दुसरी प्रत आहेच.

स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाचा आकडा (वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर) वाढत असेल तर इमेज घ्या. टकटक आवाज येत असेल तर कॉपीही नको, इमेजही नको: वीज काढा, ते डेटा रिकव्हरी लॅबचं काम.

इमेज पूर्ण झाली की जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. इमेज फक्त-वाचन पद्धतीने माउंट करा (म्हणजे ड्राइव्हसारखी जोडा), फोल्डर उघडा, आणि आता हवं तेवढं कॉपी-पेस्ट करा.