अभियांत्रिकी अकादम्यांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य

निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादम्या एकत्र येऊन जे अभ्यास करतात, धोरणकर्त्यांना जो सल्ला देतात आणि आपापल्या अभियंत्यांच्या ज्या गाठीभेटी घडवून आणतात, त्या सगळ्याला मिळून हे नाव आहे. या कामाची मुख्य जागतिक संघटना म्हणजे अभियांत्रिकी व तंत्रशास्त्र अकादम्यांची आंतरराष्ट्रीय परिषद. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘सीएईटीएस’ म्हणून ओळखली जाते.

अकादमी आणि अभियंत्यांची व्यावसायिक संस्था यांत गल्लत होऊ नये. व्यावसायिक संस्थेत पात्रता असलेला अभियंता अर्ज करून, वर्गणी भरून दाखल होतो. अकादमीचे दार तसे उघडत नाही. तिथे विद्यमान सदस्य नाव सुचवतात, कामाची छाननी होते आणि मग मतदान. साहजिकच सदस्यसंख्या मर्यादित राहते. व्यावसायिक संघटनांचा जागतिक महासंघ वेगळा असून तो १९६८ पासून काम करतो. एका देशाची अभियांत्रिकी पदवी दुसऱ्या देशात तुल्य मानण्याचा प्रश्न १९८९ च्या वॉशिंग्टन कराराखाली येतो आणि तो पदव्यांना मानांकन देणाऱ्या संस्था सोडवतात. अकादम्यांचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

विज्ञानाच्या अकादम्यांना साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० ची. अभियंत्यांना स्वतःची अकादमी मिळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. यंत्रे, पूल आणि वीजकेंद्रे उभारणारा माणूस म्हणजे विज्ञान ‘वापरणारा’, ही समजूत त्याला बरीचशी कारणीभूत असावी. स्टॉकहोममध्ये १९१९ साली स्थापन झालेली स्वीडनची अकादमी जगातील सर्वांत जुनी मानली जाते. अमेरिकेची अकादमी १९६४ मध्ये निघाली, तीही विज्ञान अकादमीच्या १८६३ च्या सनदेच्या आधाराने. ब्रिटनमध्ये १९७६ साली ‘फेलोशिप ऑफ इंजिनिअरिंग’ सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिचे नाव ‘रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग’ असे झाले. भारत, जपान आणि कॅनडा या तिन्ही देशांच्या अकादम्या १९८७ या एकाच वर्षीच्या. चीनची अकादमी १९९४ ची.

१९७८ साली अमेरिका, ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको यांच्या अकादम्यांनी एकत्र येऊन सीएईटीएसचा पाया घातला. आरंभी हे नुसते संमेलन होते. वेळोवेळी भेटायचे, बोलायचे आणि घरी जायचे. २००० साली अमेरिकेत तिची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली. नावापुढे ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द लागला तरी आद्याक्षरांत त्याला जागा मिळाली नाही, जुनेच लघुरूप चालू राहिले. चीन १९९७ मध्ये आणि भारत १९९९ मध्ये सदस्य झाला. आज सदस्य-अकादम्यांची संख्या तीसच्या आसपास आहे.

दरवर्षी एक अकादमी यजमान असते आणि त्या वर्षीचे अध्यक्षपदही साधारणपणे तिच्याकडेच जाते. परिषदेची बैठक आणि तिला जोडून एखाद्या विषयावर परिसंवाद, असा शिरस्ता आहे. २०१५ चा मेळावा नवी दिल्लीत झाला. विषय होते ऊर्जा, वाहतूक आणि आरोग्य-अभियांत्रिकी. अखेरीस जे निवेदन निघते ते कोणत्याही सरकारवर बंधनकारक नसते. मुत्सद्द्यांनी घासूनपुसून काढलेल्या मसुद्यासारखी ही निवेदने कधी कधी फार गुळगुळीत होतात, हेही खरे.

अभ्यासगटांच्या कामात जास्त दम आहे. ऊर्जा समितीने २०२२ साली हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर दिलेला अहवाल उद्योगवार आहे: सिमेंट, पोलाद, रसायने, इमारती, शेती, माहिती-तंत्रज्ञान असे एकेक क्षेत्र त्यात घेतले आहे. ही विभागणी का लागते हे सिमेंटच्या भट्टीवरून कळते. भट्टीत चुनखडी तापवली की तिचे विघटन होऊन चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिमेंट बनवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा वाटा या विघटनाचाच असतो. म्हणजे कोळसा सोडून उद्या पूर्णपणे स्वच्छ इंधन वापरले तरी तो वायू निघतच राहणार. मग क्लिंकरचे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांचे, प्रमाण कमी करायचे, की वायू पकडून जमिनीत साठवायचा, हा निर्णय देशोदेशी वेगळा होईल; भट्टीतली रासायनिक क्रिया मात्र सगळीकडे एकच असते. अशा ठिकाणी अनेक देशांच्या अभियंत्यांनी एकत्र बसण्याला अर्थ येतो.

प्रादेशिक पातळीवर युरोपचा ‘युरो-केस’ हा संघ १९९२ पासून पॅरिसहून चालतो. युरोपीय आयोगाला वैज्ञानिक सल्ला पुरवणाऱ्या ‘सॅपिया’ या अकादमी-समूहातही तो आहे. सॅपियाने २०१९ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर पुराव्यांचा आढावा दिला होता. सीएईटीएसच्या निवेदनांना असा ठरलेला ग्राहक नाही. युरोपच्या सल्ल्याला तो आहे, हा फरक मोठा आहे. पूर्व आशियात चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या अकादम्यांच्या गोलमेज बैठका होतात.

दोन-दोन देशांमधील उपक्रमांत ‘फ्रंटियर्स ऑफ इंजिनिअरिंग’ हा सर्वांत टिकाऊ ठरला. अमेरिकेच्या अकादमीने १९९५ मध्ये तो आधी देशांतर्गत सुरू केला. पुढे जर्मनी, जपान, भारत, चीन यांच्यासोबत त्याच्या द्विपक्षीय आवृत्त्या निघाल्या. साधारण तीस ते पंचेचाळीस वयाचे निवडक अभियंते दोन-तीन दिवस एकत्र राहतात. विषय चारच, पण एकमेकांपासून दूरचे. बोलणाऱ्यासमोर त्याच्या शाखेचे श्रोते थोडे आणि परके जास्त असतात. बॅटरीवर काम करणाऱ्याला जैवअभियंत्यापुढे आपला विषय मांडायचा असेल, तर रोजची परिभाषा बाजूला ठेवूनच बोलावे लागते. अशा बैठकीचे फळ मोजणे अवघड आहे. जे मिळते ते बहुधा जेवणाच्या टेबलावर झालेल्या ओळखीतून, आणि तेही काही वर्षांनी.

अमेरिकेच्या अकादमीने फेब्रुवारी २००८ मध्ये एकविसाव्या शतकापुढची चौदा ‘महाआव्हाने’ जाहीर केली. माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी त्या समितीचे अध्यक्ष होते. स्वस्त सौरऊर्जा, स्वच्छ पाणी, मेंदूच्या रचनेचा उलगडा अशी ती यादी आहे. तिच्या आधारे अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांच्या अकादम्यांनी संयुक्त शिखर परिषदा भरवल्या: २०१३ मध्ये लंडन, २०१५ मध्ये बीजिंग, २०१७ मध्ये वॉशिंग्टन, २०१९ मध्ये पुन्हा लंडन. सरकारांमध्ये व्यापार आणि तंत्रज्ञानावरून ताण वाढत असताना या तीन संस्थांनी एकत्र व्यासपीठ टिकवले, याची दखल घ्यायला हवी. मात्र अनेक अकादम्यांचा खर्च बऱ्याच अंशी सरकारी निधीवर चालतो. त्यामुळे ‘बिगरसरकारी’ हा शब्द प्रत्येक देशात सारख्याच वजनाने घेता येत नाही.

अनेक देशांत, विशेषतः आफ्रिकेत, राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीच नाही. जिथे भागीदार संस्था नाही तिथे सहकार्य एकतर्फी होते आणि श्रीमंत देशाची अकादमी थेट व्यक्तींपर्यंत पोहोचते. ब्रिटनच्या अकादमीचे आफ्रिकेसाठीचे नवोपक्रम पारितोषिक या प्रकारात मोडते. २०१५ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले, टांझानियाचे रसायन अभियंता अस्क्वार हिलोंगा यांना. त्यांचा पाण्याचा फिल्टर वाळू आणि नॅनोपदार्थ यांच्या जोडीवर चालतो आणि त्या-त्या भागातील पाण्यात जे दूषित घटक असतील त्यांप्रमाणे तो जुळवून घेता येतो.