दात येताना जुलाब ‘व्हायचेच’?

नाहीत. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिर करतं. पाण्यासारखी शी मात्र दातांमुळे होत नाही. गल्लत वयामुळे होते. साधारण सहाव्या महिन्यात दात येऊ लागतात, तेव्हाच वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगू लागतं आणि चप्पल, किल्ल्या, मोबाईलचं कव्हर, सगळं तोंडात जातं. त्यात मुंबईचा पावसाळा, पिंपात साठवलेलं पाणी. जंतूंना आणखी काय हवं?

जुलाब सुरू झाले की ओआरएस (पाण्यात विरघळवायची मीठ-साखरेची पावडर) लगेच सुरू करा. मोठं पाकीट १ लिटर, छोटं २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण. चूक इथेच होते: मोठ्या पाकिटातलं अंदाजाने चमचाभर पेल्यात टाकतात आणि मीठ जास्त झालं तर बाळाला अपायच. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. अंगावरचं दूध चालूच. सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंक (जस्ताचं औषध) रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले तरी.

डोळे खोल, सहा तास शू नाही, शीमध्ये रक्त, बाळ मलूल? थेट रुग्णालय गाठा.