डेली सिटीची गॅरेजं आणि फिलिपिनो डीजे

1992 साली डीजेंची डीएमसी ही जागतिक स्पर्धा सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या तिघांनी जिंकली. क्यूबर्ट, मिक्स मास्टर माइक आणि अपोलो. तिघेही फिलिपिनो वंशाचे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेली हिप-हॉप डीजेंची कला यांच्या हाती कशी आली?

1898 मध्ये स्पेनने फिलिपिन्स 2 कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केलं. मग शाळांत इंग्रजी आली, छावण्यांतून बँड आणि अमेरिकी गाणी आली. 1920 च्या दशकापर्यंत शांघायच्या नाचघरांत फिलिपिनो वादक जॅझ वाजवत होते. ‘हुबेहूब वाजवतात’ ही त्यांची ख्याती. कौतुक खरं, पण त्यात ‘स्वतःचं काही नाही’ हा टोमणाही दडलेला असे, आणि तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या पिच्छा पुरवत राहिला.

1965 च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरितांचे देशवार कोटे रद्द केले. फिलिपिन्समधून नर्सेस, डॉक्टर, इंजिनिअर सहकुटुंब येऊ लागले. अमेरिकी नौदलात नोकरीला लागलेल्यांची घरं आधीपासून होतीच. सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीत त्यांची मोठी वस्ती झाली. 1970 च्या दशकाअखेरीस तिथली शाळकरी पोरं स्पीकर, दिवे आणि रेकॉर्डी जमवून गॅरेजमध्ये पार्ट्या करू लागली. त्यातून डीजेचा धंदा उभा राहिला, आणि तो चालला नात्यागोत्यावर. बारसं, लग्न, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाचा थाटाचा सोहळा, चर्चचा हॉल: मावशी-आत्यांच्या ओळखीतून कामं मिळत. माझ्या मते खरी संगीतशाळा हीच, कारण तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना नाचवावं लागे. स्क्रॅचिंगचे, म्हणजे फिरती रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढण्याचे, उस्ताद याच वातावरणातून निघाले. दुसऱ्याचीच रेकॉर्ड, पण हात फिरला की आवाज आपला. ‘हुबेहूब’चा शिक्का इथे गळून पडला.

मात्र तबकडीच्या आवाजावरून वाजवणारा कुठला, हे कळत नाही. भाषेतून ओळख सांगितली ती ब्लॅक आइड पीज या अमेरिकी हिप-हॉप गटातल्या अपल.डी.अॅपने. तो डेली सिटीचा नव्हे. फिलिपिन्समधल्या क्लार्क या तेव्हाच्या अमेरिकी हवाई तळाला लागून असलेल्या अँजेलिस सिटीत त्याचा जन्म झाला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक. चौदाव्या वर्षी तो दत्तक म्हणून लॉस एंजेलिसला गेला. 2003 च्या ‘द अपल साँग’मध्ये त्याने फिलिपिन्सच्या असिन बँडचं टागालोग या तिथल्या भाषेतलं गाणं गुंफलं. 2005 चं ‘बेबोट’ तर जवळजवळ सगळंच टागालोगमध्ये आहे, आणि ते लाखोंनी खपलेल्या अमेरिकी अल्बमवर.