वैयक्तिक आघात प्रथमोपचार संच

गोळी, स्फोट, यंत्र किंवा वाहन यांमुळे झालेल्या जीवघेण्या जखमेवर रुग्णालय गाठेपर्यंत जागच्या जागी इलाज करता यावा म्हणून एकेका माणसाने अंगावर बाळगायची छोटी पिशवी. फौजी बोलीत तिला ‘आयफॅक’ (इंडिव्हिज्युअल फर्स्ट एड किट) म्हणतात. घरातल्या किंवा गाडीतल्या प्रथमोपचार पेटीशी तिची गल्लत होते. पण खरचटल्यावर लावायची पट्टी, आयोडीन, तापाच्या गोळ्या यांना इथे जागा नसते. मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने दगावू शकतो. तेवढी मिनिटे निभावून नेणे हेच या पिशवीचे काम. ‘वैयक्तिक’ या शब्दालाही फौजेत नेमका अर्थ आहे: जखमी जवानावर त्याच्याच पिशवीतले सामान वापरतात, मदतीला आलेला आपले सामान स्वतःसाठी राखतो. म्हणून ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या ठरावीक जागी बांधतात.

संचातली मुख्य वस्तू टूर्निकेट. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, हातापायाभोवती आवळायचा. मग त्यावरची दांडी रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळून खाचेत अडकवायची आणि बांधल्याची वेळ लिहायची. यासाठी संचात मार्कर पेन असते. याने दुखते, आणि चांगलेच दुखते. जखमी ओरडला म्हणून पट्टा सैल करायचा नसतो. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला मोठा धोका नसतो. जांघ किंवा काखेत पट्टा बसत नाही. तिथे रक्तस्तंभक गॉज जखमेत बोटाने खोलवर ठासून तीनेक मिनिटे दाबून धरतात. काही गॉजमध्ये केओलिन ही माती असते, तर काहींत कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान. भारतात तयार झालेले ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ या दुसऱ्या प्रकारातले. याशिवाय दाबपट्टी, छातीच्या भोकावर चिकटवायचे चेस्ट सील, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, हातमोजे आणि ऊब टिकवणारी चकचकीत चादर असते. छातीतली हवा काढायची जाड सुई फक्त प्रशिक्षितांसाठी. हौशी माणसाच्या पिशवीत ती नसलेलीच बरी.

स्क्रूने आवळायचे टूर्निकेट फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती यांनी १७१८ मध्ये केले. पुढे अवयव गमावण्याच्या भीतीने हे साधन बदनाम झाले. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकाने रणांगणावरील उपचारांची नवी पद्धत मांडली आणि ते पुन्हा पहिल्या रांगेत आले. २००१ ते २०११ मधील अमेरिकी सैनिकांच्या ४,५९६ मृत्यूंच्या अभ्यासात रुग्णालयाआधी दगावलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता असे दिसले. त्यातील सुमारे ९० टक्के रक्तस्रावाने गेले होते.

कोल्हापुरात फौज परकी नाही. टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ प्रादेशिक सेना बटालियन आहे, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. तरी या संचाची गरज इथे शेतात, कारखान्यात आणि रस्त्यावर अधिक. ऊसतोडीचा कोयता, गुऱ्हाळाचा घाणा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, पुणे-बंगळूर महामार्ग: हात सापडण्याच्या, पाय चिरडण्याच्या जागा जिल्हाभर आहेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठरवून दिली, पण पेटी असणे आणि तीत टूर्निकेट असणे या दोन वेगळ्या गोष्टी. आंबा घाटापासून कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय साठ-पासष्ट किलोमीटर. चंदगडचा जखमी तर बेळगावच गाठतो. १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ जवळच्या माणसाच्याच हातात असतो. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला पावसाळ्यात निघणाऱ्या गटांनी आणि पूरकाळात धावणाऱ्या ‘व्हाइट आर्मी’सारख्या बचाव पथकांनी हा संच बाळगणे म्हणूनच शहाणपणाचे.

जखमेवर हळद किंवा कॉफीपूड भरण्याची जुनी सवय मोठ्या रक्तस्रावात निरुपयोगी ठरते, वर जखम घाण होते. सुतळीने किंवा वायरने आवळले तर ती मांसात रुतून नसा दुखावते आणि रक्त थांबतही नाही. टूर्निकेट हाती असले की सर्पदंशावरही ते बांधायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. नाग, घोणस, मण्यार कोणीही चावले तरी अवयव हलू न देता रुग्णालय गाठणे हाच मार्ग. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या नकली टूर्निकेटची दांडी ऐन वेळी वाकते किंवा मोडते.

मदत केली तर पोलीस मागे लागतील ही धास्ती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

सरावाला वापरलेला पट्टा ताणून कमकुवत होतो, म्हणून सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेवतात. ते बहुधा निळ्या रंगाचे असते. गॉज आणि चेस्ट सीलवरची मुदत वर्षातून एकदा तरी तपासावी, आणि कोल्हापूरच्या पावसात संच जलरोधक पिशवीत ठेवावा.